धाडची त्रेचाळीस मापं

५ सप्टेंबर, शुक्रवार

एक्केचाळीस मिनिटं! मागच्या शुक्रवारी सत्तेचाळीस लागली होती.

आजची तालीम एकदम चोख. रविवारची पूर्ण प्रत जुन्या संगणकावर उतरवली. मग तिच्यावर नोंदींच्या फायली क्रमानं चढवल्या — दर पंधरा मिनिटांत जे नवीन भरलं त्याची एक, म्हणजे जवळजवळ पाचशे. एकही अडकली नाही. याचा अर्थ खालचा मुख्य सर्व्हर आत्ता या क्षणी जळून कोळसा झाला, तरी मी अख्खं केंद्र परत उभं करू शकते. एक्केचाळीस मिनिटांत. जिल्ह्यात दुसरं कोणी असं दर आठवड्याला करत असेल तर मला आणून दाखवा.

नेहमीसारखं डोळे मिटून एक नाव काढलं. आलं मोताळ्याच्या शेषरावांचं. उजवा पाय, गुडघ्याखाली. उरलेल्या पायाचा घेर पाच ठिकाणी. मुख्य सर्व्हरवर जे आकडे, तेच इथं. दशांशासकट! खाली वर्कशॉपात कृत्रिम पाय बनतात, पण ज्या मापांवरून बनतात ती मापं माझ्या सर्व्हरवर राहतात. हे लोकांना कळत नाही. त्यांना वाटतं मी एसीत बसते.

समता मापं घेते, शिबिरांना तीच जाते. आज जेवताना म्हणाली, "तुह्यासारखं येडं नाही पाह्यलं बाई मी. शुक्रवारी लोक उपास करतात, अन् तू चांगलं मशीन मारून परत जिवंत करतं." म्हणू दे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

त्रेचाळीस मिनिटं. मधेच लाईट गेली म्हणून. माझ्यामुळे नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

रंगरावभाऊंचं एक कौतुक लिहायचं राहून जातं नेहमी. शिपाई म्हणून लागले, पण केंद्राची अर्धी कामं तेच करतात. बॅकअप सर्व्हर वरच्या जुन्या भांडारखोलीत आहे. बावीस पायऱ्या. माणूस रोज सकाळी कृत्रिम पायानं त्या चढतो, दारातून डोकावतो आणि मला येऊन सांगतो, "ताई, हिरवा हाये." म्हणजे सर्व्हरचा दिवा हिरवा आहे. मला माझ्या पडद्यावर सगळं दिसतंच. पण मी एकदाही सांगितलं नाही की नका चढत जाऊ. त्यांनाही ते काम आपलं वाटतं.

नऊ वर्षांपूर्वी सोयाबीनच्या मळणीयंत्रात पाय गेला. आमच्याकडेच पाय बसवला आणि इथंच राहिले. मी रुजू झाल्यावर नवीन प्रणाली सुरू केली, तेव्हा चाचणीसाठी पहिली नोंद त्यांचीच टाकली. नेमणूक मात्र वर्षावर्षाची. दर वर्षी दसऱ्यानंतर इंद्रभानसाहेब — आमच्या ट्रस्टचे सचिव — कागदावर सही करतात, की भाऊ आणखी एक वर्ष निश्चिंत. परवाच विचारत होते, "साहेबायले आठवन करून द्याल न ताई?" म्हटलं, देते. न देता चालतंय थोडंच!

२६ सप्टेंबर, शुक्रवार

एकोणचाळीस!!

घरी येऊन आईला सांगितलं. आई — पुष्पाबाई म्हटलं की देऊळघाटात कोणीही ओळखेल, वांग्याचा वाफा तिच्यासारखा कोणाचा नाही — मिरच्या निवडत बसली होती. म्हणाली, "काही हरपलं व्हतं का?"

"नाही."

"मंग दर शुक्रवारी शोधतं काय तू?"

समजावून सांगायला बसले. पूर्ण प्रत म्हणजे काय, नोंदींच्या फायली म्हणजे काय. फायली कशा एकीला एक जोडलेल्या असतात. मधली एक नसेल तर तिच्या पुढच्या सगळ्या असून उपयोग नाही, गाडी तिथंच थांबते. आईनं नीट ऐकलं. मग म्हणाली, "म्हंजे तू इसरू नये म्हनून त्याले रोज पाढे म्हनाले लावतं." एवढं सोपं मला आठ वर्षांत सांगता आलं नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

पूर्ण प्रत झाली. घरूनच बघितली. सगळं जागच्या जागी.

३० सप्टेंबर, मंगळवार

आजचा दिवस लिहून ठेवलाच पाहिजे.

पुण्याहून दोन पाहुणे आले होते. वर्कशॉपला नवी यंत्रं देणार आहेत, त्याआधी सगळं केंद्र बघायचं होतं. संध्याकाळी इंद्रभानसाहेब त्यांना माझ्या खोलीत घेऊन आले. मी सांगायला लागले आणि घाईत तोंडून निघून गेलं — "हे मले इथंच दिसते सगळं." त्यातल्या बाईंनी दुसऱ्यांकडे बघून हसल्यासारखं केलं. अगदी एवढंसं. मग मला विचारतात, "आणि बॅकअप वगैरे? ते बाहेरून कोणी बघतं का?"

अंगाची आग झाली!

समता तेवढ्यात धाडचं शिबिर आटोपून आली होती. त्रेचाळीस जणांची मापं. पाच वाजले आणि तिच्या टॅबमधून ती मुख्य सर्व्हरवर उतरायला लागली. उतरली की टॅब रिकामा करायचा. हा नियम माझाच — पेशंटची माहिती रस्त्यावर फिरता कामा नये. पाहुण्यांना म्हटलं, बघा. दर पंधरा मिनिटांची फाईल आपोआप बनते आणि वरच्या बॅकअप सर्व्हरवर जाते, त्यात काही विशेष नाही. मी आता हातानं बनवून दाखवते. पाच वाजून बारा मिनिटं झाली होती. आज्ञा लिहिली, फाईल सरळ माझ्या पेनड्राइव्हवर घेतली आणि त्यांच्यासमोर धरली. म्हटलं, धाडची त्रेचाळीस माणसं बारा मिनिटांपूर्वी समताच्या पिशवीत होती. आता माझ्या मुठीत आहेत.

आणि मग त्यांच्या डोळ्यांदेखत ती फाईल पुसली. नुसती पुसली नाही, तिच्या जागेवर दोनदा शून्यं लिहिली, म्हणजे कोणाच्या बापाला परत काढता येणार नाही. "पेशंटची माहिती या खोलीबाहेर जात नाही," म्हटलं.

बाई चूप! दुसरे गृहस्थ म्हणाले, "आमच्याकडे पुण्यातसुद्धा इतकी शिस्त नाही हो." साहेबांची छाती फुगलेली मी स्वतः पाहिली. जाताना माझ्याकडे वळून म्हणाले, "जिकलं मंजुश्री आज!"

बसमध्ये उभं राहून आले देऊळघाटापर्यंत, पण पाय दुखले नाहीत.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. केंद्रात सकाळपासून एकही काम नाही, सगळी हत्यारं पूजेत. हातोड्या, रंधे, लेथ, प्लास्टिक तापवायची भट्टी, पट्टे शिवायची मशीन — सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचे हार. आज हत्यारांना आराम, कोणी हात लावायचा नाही. समताच्या मोजपट्टीलासुद्धा कुंकू! रंगरावभाऊ ताट घेऊन निघाले. "ताई, तुमच्या मशीनचं राह्यलं. खालच्याचं झालं, आता वरच्याले करून येतो." बरं वाटलं. आठ वर्षांत त्या खोलीत कोणी कधी फूल ठेवलं नव्हतं.

साडेदहाची बस होती. वर गेले नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. आपटा, श्रीखंड, झोप.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आजचं सगळं क्रमानं लिहिते.

साडेनऊला पोचले तर खाली सगळे मुख्य सर्व्हरभोवती उभे. पडद्यावर एकच ओळ — डिस्क सापडत नाही. बुधवारी दुपारी लाईट तीनदा गेली-आली म्हणे. डिस्का दोन होत्या, एक गेली तर दुसरी असावी म्हणूनच. दोन्ही एकाच दिवशी घेतलेल्या, दोन्ही एकाच दिवशी गेल्या. मी म्हटलं, कोणी घाबरू नका. अगदी शांतपणे म्हटलं. मनात तर खुशीच झाली, खोटं का बोलू! आठ वर्षं तालीम केली ती याच दिवसासाठी.

वर गेले. खोलीत अंधार. बॅकअप सर्व्हर बंद! त्याच्यावर कुंकवाचं बोट, झेंडूचा हार, पुढ्यात सुपारी. आणि दिवा विझलेला.

कशी ओरडले मला आठवत नाही. रंगरावभाऊ धावत आले, म्हणजे त्यांना धावता येतं तितकं. "ताई, म्या बंद केलं. नवमीले."

"काऊन?"

"सगळ्या हत्यारायले आराम असते त्या दिवशी. हे बिचारं वर्सभर एक मिनिट थांबत नाही. म्हटलं याले बी एक दिवस. बटन दाबलं, हात जोडले. काल सुट्टी व्हती न ताई, आज आल्याबरोबर चालू करणारच व्हतो."

सर्व्हर चालू केला. झाला, बरा होता. तालमीचा जुना संगणक लावला, रविवारची प्रत उतरवली, फायली चढवायला सुरुवात केली. सगळे माझ्या मागे उभे. रविवार गेला. सोमवार गेला. मंगळवार सकाळ, दुपार. मंगळवार संध्याकाळी पाचची फाईल चढली आणि थांबलं. पुढची घेईना. लाल अक्षरांत चार ओळी आल्या. त्याच्या पुढचीही घेईना. त्याच्याही पुढची नाही.

मला लगेच कळलं. चालू मशीनचं असं बटण दाबून वीज तोडली की शेवटच्या फायली खराब होतात. तसं सगळ्यांसमोर सांगितलं. "शेवटच्या फायली मेल्या. बटण दाबल्यानं."

रंगरावभाऊ दारातच बसले, खाली, फरशीवर.

समता म्हणाली, "मंगळवारी पाचच्या नंतर म्हंजे... माहं धाड!" टॅब तर तिनं तेव्हाच रिकामा केला होता. नियमानं.

एकूण नोंदी होत्या सहा हजार दोनशे चौदा. परत आल्या सहा हजार एकशे एकाहत्तर. त्रेचाळीस गेल्या, सगळ्या धाडच्या. बाकी केंद्र साडेबाराला सुरू झालं. जुन्या संगणकावर, पण सुरू झालं! खालून हातोडीचा आवाज आला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. लाज वाटायचं काही कारण नाही, आलं तर आलं.

४ ऑक्टोबर, शनिवार

इंद्रभानसाहेबांनी अहवाल मागितला. एक पान लिहिलं. काय गेलं, कसं परत आलं, किती वेळात. कारण या रकान्यात लिहिलं — "बॅकअप सर्व्हर कर्मचाऱ्याने परस्पर बंद केल्यामुळे." नाव लिहिलं नाही. साहेबांनी वाचलं आणि स्वतःच्या पेनानं कंसात नाव घातलं.

रंगरावभाऊंना बोलावलं. मी तिथंच होते. "देवभोळेपणाले बी काही हद असते, रंगराव. त्रेचाळीस लोक. कुबड्या घेऊन, यष्टीनं परत या म्हनाव का त्यायले? तुम्ही आता घरीच राहा. पुढच्या वर्षाचं मंग पाहू." भाऊ एवढंच म्हणाले, "हो साहेब. चूक माहीच."

वाईट वाटलं. फार वाटलं. पण चूक ती चूक. मशीन देव नाही. हे मी कितीदा सांगणार?

६ ऑक्टोबर, सोमवार

पुण्याहून मेल! साहेबांनी अहवाल त्यांना पाठवला होता. त्या बाईंनीच लिहिलंय — इतका मोठा बिघाड होऊन तीन तासांत केंद्र सुरू, हे त्यांच्या संस्थेनं शिकण्यासारखं आहे. यंत्रं नक्की देणार. वर लिहिलंय, 'आपल्या मंजुश्री मॅडमना आमचा नमस्कार.' मॅडम! 'मले' म्हणणारी मॅडम!

साहेबांनी मेल छापून सूचनाफलकावर लावला. मी येता-जाता चार वेळा वाचला. इथं लपवायचं तरी कोणापासून, पाच वेळा.

घरी आईला वाचून दाखवला. ती खूश झाली, गुळाचा खडा दिला. मग विचारलं, "त्या रंगरावचं काय झालं?" म्हटलं, घरी आहेत सध्या. आई विषय बदलून मिरचीचा भाव सांगत बसली.

८ ऑक्टोबर, बुधवार

आज कोणी 'हिरवा हाये' म्हणालं नाही. कालही नाही. पडद्यावर बघितलं, हिरवाच होता.

नवीन डिस्का बसल्या. पूर्ण प्रत घेतली. लगेच तालीमही केली. अडतीस मिनिटं. माझा आजवरचा विक्रम.

१२ ऑक्टोबर, रविवार

धाडला परत माप घेण्याचं शिबिर. मी मुद्दाम गेले, मापं सर्व्हरवर पोचेपर्यंत टॅब मीच हातात ठेवणार होते. जाताना जीपमध्ये समता म्हणाली, पंधरा आले तरी खूप. एकदा बोलावलं, माप घेतलं, मग म्हणायचं की तुमचं माप हरवलं, परत या. कोण येईल?

त्रेचाळीस आले. त्रेचाळीसपैकी त्रेचाळीस!

शाळेच्या व्हरांड्यात रांग लागली होती आमच्या आधीच. मागच्या शिबिराच्या कागदी हजेरीवरून एकेक नाव घेत गेलो, एकही गैरहजर नाही. मला इतका अभिमान वाटला, माझ्या केंद्राचा, या लोकांचा. शेवटून चौथ्या कोकिळाबाई होत्या, साठीच्या पुढच्या, डावा पाय मांडीपासून नाही. नातवाच्या मोटारसायकलवर आल्या होत्या. म्हटलं, मावशी, तुम्हाला पुन्हा त्रास दिला.

"कायचा तरास. रंगराव आला व्हता न घरी."

"कोण?"

"तुमचाच न तो? पायवाला. आमची वस्ती त्या टेकडावर, वरपर्यंत चालत आला. म्हने मावशी, माह्या हातून तुमचं माप हरपलं. एकवार परत याल का? घामानं निथळून राह्यला व्हता. पानी देल्लं. तं म्हने, आजून अकरा घरं बाकी हायेत. आता असा मानूस सांगाले येते, तं नाही कसं म्हनाव?"

रांगेतल्या दुसऱ्यांना विचारलं. सगळ्यांकडे गेले होते. चार दिवस, रोज सकाळच्या बसनं, गावात आणि वस्त्यांवर. कोणी पाठवलं नव्हतं. केंद्रात तर त्यांना यायचीसुद्धा बंदी.

मापं सगळी पोचली. मी दोनदा मोजली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज जे झालं ते फक्त इथं लिहितेय. अजून कोणाला माहीत नाही.

प्रकरण संपलं म्हणून अखेरचा तांत्रिक अहवाल लिहायला घेतला. माझ्यासाठीच, पुढं कधी लागला तर. त्याला जोडायला त्या दिवसाचा परत उभारणीचा तपशील काढला, यंत्र स्वतःच सगळं लिहून ठेवतं ना, ते. तीन तारखेच्या त्या लाल चार ओळी. त्या दिवशी मी पहिली ओळच वाचली होती. आज चारही वाचल्या.

फाईल खराब आहे असं त्यात कुठंच लिहिलेलं नाही. लिहिलंय असं, की ही फाईल पुढची आहे, हिच्या आधीची आणून द्या.

आधीची.

मग सुचलं की मंगळवारी संध्याकाळी लिहून पूर्ण झालेली फाईल बुधवारी सकाळी बटण दाबल्यानं मरेल कशी? एवढा साधा प्रश्न मला पडायला अकरा दिवस लागले. त्या फायली काढून एकेक तपासल्या. सगळ्या धडधाकट. सव्वापाचची फाईल पाच-बारापासून सुरू होते. पाचची फाईल पाचला संपते. मधली बारा मिनिटं कुठं आहेत?

माझ्या पेनड्राइव्हवर होती.

हातानं घेतलेली फाईल ही दाखवायची वेगळी प्रत नसते. यंत्राच्या दृष्टीनं तीच खरी फाईल. तिच्यात जे गेलं ते पुढच्या फायलीत पुन्हा येत नाही. हे मला माहीत आहे! पहिल्या वर्षी शिकले हे. नुसती प्रत घ्यायची तर आज्ञेत एक शब्द जास्त घालावा लागतो. तो मी घातला नाही, कारण मला त्या बाईंना गप्प करायची घाई होती. आणि मग मीच ती पुसली. वर दोनदा शून्यं लिहिली. नियमानं.

रंगरावभाऊंनी सर्व्हर बंद केल्यानं काय गेलं? हेही तपासलं. काही नाही. बुधवारी साडेदहानंतर केंद्रात एकही माप घेतलं गेलं नव्हतं, हत्यारं पूजेत होती. त्यांनी तो महिनाभर चालू ठेवला असता तरी धाडची मापं परत आली नसती.

आठ वर्षांत माझ्या साखळीतली एकच कडी तुटली, ती मी तोडली. आणि अख्ख्या केंद्रासमोर म्हटलं, "बटण दाबल्यानं."

१५ ऑक्टोबर, बुधवार

साहेबांना सांगितलं. कागद पुढं ठेवून, सुरुवातीपासून. ऐकून घेतलं. मग उठून दार लावलं.

"अहवाल पुण्याले गेला, मंजुश्री. त्यायनं तुमचं नाव घेऊन कौतुक केलं. यंत्रं निघाली तिकून. आता तुम्ही म्हनता चूक तुमची व्हती. काय दिसन ते? रंगरावले उद्यापासून घेतो परत, पुढच्या वर्षाची सही आत्ता करतो. झालं समाधान? बाकी वरच्या वर राहू द्या."

सही केली. माझ्यासमोर.

खरं लिहू का? सुटल्यासारखं वाटलं. भाऊंची नोकरी परत आली. फलकावरचा मेल फलकावर राहिला. जिन्यात येईपर्यंत तसंच वाटत होतं.

जेवणाच्या सुट्टीत रंगरावभाऊंच्या घरी गेले. पाय काढून खाटेवर बसले होते, टोकाला फडकं बांधलेलं. धाडच्या चालण्यानं सोललंय. मला बघून पाय चढवायला लागले, मी नको म्हटलं. सगळं सांगितलं. फायलींचं त्यांना किती कळलं माहीत नाही. शेवटी म्हटलं, तुमच्या हातून काहीच झालं नाही भाऊ. ते मी केलं.

भाऊंनी विचारलं, "म्हंजे माह्यानं मशीनचं काही वाईट नाही झालं?"

"नाही."

"आन घ्या बरं आईची."

घेतली.

"मंग बरं झालं ताई. मले वाटे, पूजा केली अन् पाप लागलं." हसले. मला मात्र हसता येईना. साहेबांनी सही केल्याचं सांगितलं, तर म्हणाले, "धाडचे लोक मले आता वळखतात. परवा स्टँडवर एक जन म्हने, तोच न बे हा, मशीनले झोपवनारा? सगळे हासले." मग माझा चेहरा बघून घाईघाईनं, "राहू द्या, राहू द्या. कोनाकोनाले सांगान? त्रेचाळीस घरं हायेत. म्या चालून पाह्यले न."

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी सहाला दुरुस्त अहवाल पुण्याला पाठवला, कारणाच्या रकान्यात माझं नाव घालून. साहेबांना विचारलं नाही. रजा टाकली, पहिल्या बसनं धाड. कोकिळाबाईंचं घर खरंच टेकडावर आहे. म्हणाल्या, "आता आनखी माप हरपलं का?" म्हटलं, नाही मावशी. रंगरावांनी कोणाचं माप हरपलं नाही. ते मी हरपलं, मंजुश्री तायडे, देऊळघाटची. त्या बघत राहिल्या. "एवढं सांगाले आली तू?" म्हटलं, हाव. पाणी दिलं त्यांनी. अजून बेचाळीस घरं बाकी आहेत.